पाणी जाते कोठे?

नाहीशी झालेली वस्तू कोठे तरी गेलेली असते, हा पदार्थविज्ञानाचा धडा शाळेत सर्वांनीच गिरविलेला असतो. परंतु व्यवहारात त्यावर विश्वास ठेवणारी माणसे फार थोडी. डब्यातील साखर, संस्थेच्या तिजोरीतील पैसा आणि वृद्धाची स्मरणशक्ती ही कमी होऊ लागली म्हणजे 'संपली' एवढ्या एका क्रियापदावर आपण समाधान मानतो. 'संपणे' हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. 'खाल्ली', 'नेली', 'सांडली' असे म्हटले की लगेच कोणी, केव्हा, कोठे, असे गैरसोयीचे प्रश्न उभे राहतात. 'संपली' म्हटले की त्या वस्तूनेच आपण होऊन जगाचा निरोप घेतला असे वाटते, व कोणासच जबाब द्यावा लागत नाही.

या क्रियापदाविषयी आमच्या मनात संशय बळावण्यास अलीकडे एक मोटार कारण झाली. केजसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या व पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने दोनच माणसे बसतील अशी, जमिनीस जवळजवळ पोट टेकून धावणारी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी, आणि तीही दुसऱ्याने आठ वर्षे वापरलेली, ही गोष्ट गावास काही दिवस पुरेल इतका विनोद पुरविणारी होती. "सर, हिच्यात सोयाबीनचं एक पोतं तरी बसंल का?" असा प्रश्न आम्हांस बसस्थानकासमोरच विचारण्यात आला. बसत नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. हौसेचे समर्थन करावयाचे नसते. तिचा खर्च तेवढा द्यावयाचा असतो.

या जातीच्या कित्येक गाड्यांप्रमाणे आमच्या गाडीचेही इंजिन आसनांच्या पाठीमागे आहे, व त्यास थंड करणाऱ्या पाण्याची जाळी, म्हणजे रेडिएटर, मात्र पुढे नाकाशी आहे. त्यामुळे मागे तापलेले पाणी गाडीच्या तळाखालून लांब नळ्यांतून पुढे जाते, वाऱ्याने निवते, आणि तितकाच प्रवास करून परत येते. गाडी घरी आल्यास दहा दिवस होतात न होतात तोच या पाण्याच्या पारदर्शक बाटलीतील पातळी खुणेच्या खाली बोटभर गेलेली आढळली. आम्ही भर घातली. आठवड्याने ती पुन्हा बोटभर उतरली. जमीन पाहावी तर कोरडी. बाहेरचे पाइप पाहावेत तर कोरडे. पाणी जात होते यात शंका नव्हती. ते जाते कोठे, एवढेच कळत नव्हते.

हे 'बोटभर पाणी' वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याची योग्यता येथे सांगणे अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या वायूचे उष्णमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जाते, आणि ज्या अल्युमिनियमच्या भांड्यात हे अग्निहोत्र चालते ते अल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. स्वतःस वितळवू शकणारा अग्नी पोटात घेऊन ते भांडे वर्षानुवर्षे शाबूत राहते याचे श्रेय त्याच्या भोवती फिरणाऱ्या पाण्यास आहे. जळणातून निघणाऱ्या एकंदर उष्णतेपैकी साधारणपणे एक तृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते, आणि उरलेली बहुतेक सारी या पाण्याला वाहून न्यावी लागते. आणि याचे नाव पाणी असले तरी ते निव्वळ पाणी नव्हे. त्यात निम्म्याच्या आसपास इथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव व गंज रोखणारी द्रव्ये असतात. या मिश्रणाने उत्कलनबिंदू वर चढतो. शिवाय झाकण घट्ट असून ते आत सुमारे एका वातावरणाचा अधिक दाब धरून ठेवते, त्यामुळे तो आणखी चढतो. प्रेशर कुकरात डाळ लवकर शिजते ती ज्या नियमाने, त्याच नियमाने येथे शंभर अंशांच्या वर गेलेले पाणी न उकळता आपले काम करीत राहते. बालाघाटाच्या पठारावर, जेथे उघडे पाणी मुळातच शंभर अंशांच्या थोडे अलीकडे उकळते व उन्हाळ्यात हवाच चाळीस अंशांपलीकडे जाते, तेथे या दाबाचे महत्त्व अधिकच. दाब गेला की उकळी, उकळी आली की वाफ, आणि वाफ झाली की अल्युमिनियमचे तोंड वाकडे होण्यास फार वेळ लागत नाही.

मोटारीची ही तहान तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ याने १८८६ साली जिचे पेटंट घेतले त्या तीनचाकी गाडीत पाणी फिरवून थंड करण्याची सोयच नव्हती. ते उकळून वाफ होऊन जाई व नवे घालावे लागे. दोन वर्षांनी, १८८८ च्या ऑगस्टात, त्याची पत्नी बर्था ही पतीस न विचारता आपल्या दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, गाडी घेऊन गेली. त्या वेळी वाटेतील विहिरी व ओढे हाच तिचा आधार होता. पुढे विल्हेल्म मायबाख याने १९०० सालच्या सुमारास पहिल्या मर्सिडीज गाडीकरिता मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार केली. तीत आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या, आणि त्यामुळे थोडक्या पाण्यावर मोठे इंजिन थंड राहू लागले. अर्थात सामान्य माणसाच्या नशिबी बर्थाबाईंचाच मार्ग पुष्कळ वर्षे राहिला. १ जून १९४८ रोजी पुणे व तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली, तेव्हा आमचा केज तालुका निजामाच्या राज्यात होता, व त्या राज्यात सरकारी मोटारी १९३२ पासूनच चालू झाल्या होत्या. परंतु राज्य कोणतेही असो, घाट चढून आलेल्या मोटारीचे बॉनेट उघडून तिला डब्याने पाणी पाजणारा चालक हे दृश्य दोन्हीकडे सारखेच. आमच्या पिढीनेही ते बालपणी मंजरसुंब्याच्या घाटात डोळे भरून पाहिले आहे. त्या काळी पाणी कमी झाले तर कोणी 'कोठे गेले' असे विचारीत नसे, कारण ते वाफ होऊन सर्वांच्या देखत जात असे. आजच्या बंद यंत्रातून पाणी कमी होणे याचा अर्थ मात्र एकच: कोठे तरी छिद्र आहे.

ते छिद्र शोधण्याकरिता आम्ही गाडी प्रथम एका मोठ्या शहरातील मोठ्या कारखान्यात नेली. तेथे वातानुकूलित दालन होते, चहा उत्तम होता, आणि तपासणीही पद्धतशीर झाली, हे सांगितले पाहिजे. झाकणाच्या जागी हातपंप बसवून पाण्यात दाब भरण्यात आला, व पंपावरच्या दाबमापकाचा काटा अर्धा तास हललाच नाही. यावरून तेथील तरुण तज्ज्ञाने पुढील अनुमान केले: दाब टिकला, त्या अर्थी बाहेर गळती नाही, बाहेर नाही व पाणी तर कमी होते, त्या अर्थी ते आत जाते, आत जाते म्हणजे हेड गॅस्केट गेले, सबब इंजिन उघडणे प्राप्त आहे. त्याकरिता जो आकडा सांगण्यात आला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याजवळ पोचत होता. बरे, खर्चास भिऊन नाही म्हणावे, तर गॅस्केट खरोखरच गेले असल्यास पुढच्या एखाद्या दुपारी सबंध इंजिनच जावयाचे. अशा वेळी मनुष्यापुढे पैशाचा प्रश्न असतो असे वाटते. वस्तुतः प्रश्न असतो तो कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवावा, हा.

अनुमानाची मांडणी निर्दोष होती. पर्वतावर धूर दिसतो, सबब तेथे अग्नी आहे, हे आमच्या नैयायिकांचे आवडते उदाहरण. परंतु धूर म्हणून जे दिसते ते धुके नाही ना, याची खात्री करण्यासही त्यांनीच सांगितले आहे. आम्ही दोन दिवसांची मुदत मागून केजला परतलो व आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. या गृहस्थांचे सारे आयुष्य ट्रॅक्टर, जीप व ऊसतोडीस जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रक यांच्या सहवासात गेलेले. इतकी ठेंगणी गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी कधी आली नसावी. त्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि म्हणाले, "इंजिन खोलायला काय सर, उद्याबी येतंय. आधी पाणी कुठं जातंय ते तर बघू."

त्यांनी प्रथम हेड गॅस्केटवरील आरोपाची चौकशी केली. ते गेले असते तर पाणी तेलात मिसळून तेलास दुधाळ रंग आला असता. तेल स्वच्छ होते. पाणी जळणाच्या जागी जात असते तर सायलेन्सरातून गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर निघत राहिला असता, तो नव्हता. जळलेला वायू उलट पाण्यात शिरत असता तर बाटलीत बुडबुडे दिसले असते, तेही नव्हते. शेवटी त्यांनी लातूरहून एक निळे औषध मागविले. बाटलीच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली व तीत कर्बवायू असला म्हणजे निळ्याचे पिवळे होते. औषध निळेच राहिले. चार साक्षीदारांनी आरोपीच्या बाजूने साक्ष दिली. आरोपाच्या बाजूने केवळ एक न हललेला काटा उरला.

तेव्हा मिस्त्रींनी असा एक प्रश्न विचारला की जो कोणत्याही न्यायमंदिरात शोभला असता. "सर, त्या लोकांनी काटा बघितला कवा?"

"दुपारी. गाडी नुकतीच चालवून नेली होती."

"मग काय दिसणार? चोरी रातची, आन् चोर धुंडायचा दुपारी. तापलेली गाडी म्हंजी जेवलेला माणूस. त्याचा पट्टा घट्टच बसणार. उपाशीपोटी बघू तिला."

त्यांच्या या उपमेत सबंध शास्त्र भरलेले आहे. नळी अल्युमिनियमची, तिच्यावर चढविलेला पाइप रबराचा, आणि दोहोंस आवळणारी क्लिप पोलादाची. उष्णतेने अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून गाडी तापली की नळी आतून रबरास क्लिपेवर दाबते व सांधा आपोआप घट्ट होतो. थंडीत सारे आकुंचन पावते. रबर नवे असेल तर ते नळीस धरून राहते. आठ वर्षांच्या रबरास ही लवचीकता उरलेली नसते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, सकाळी इंजिन सुरू केल्यावर थर्मोस्टॅट काही काळ बंद असतो. इंजिनातील पाणी तापून सर्व यंत्रणेत दाब चढू लागतो, परंतु ते गरम पाणी दूरच्या नळ्यांपर्यंत अद्याप पोचलेले नसते. म्हणजे दाब आला आहे व सांधा अजून थंडच आहे, अशी काही मिनिटे रोज येतात. चोर येतो तो त्या काही मिनिटांत.

गाडी त्या रात्री शेडमध्येच ठेवली. पौषाचे दिवस, पहाटे सहा वाजता आम्ही मफलर गुंडाळून तेथे गेलो तेव्हा मिस्त्री शेकोटीपाशी वाट पाहत होते. अंबाजोगाईहून उसना आणलेला पंप बसवून त्यांनी दाब भरला, व आम्ही दोघे काट्याकडे पाहत उकिडवे बसलो. पाच मिनिटे काही झाले नाही. मग काटा इतक्या सावकाश खाली येऊ लागला की, घड्याळाचा तासकाटा चालताना दिसत नाही तसाच तोही दिसत नव्हता. तो पूर्वी जेथे होता तेथे आता नाही, एवढेच कळत होते. गाडीखालचा प्लॅस्टिकचा तक्ता उतरविला. त्यावर आवाज दाबण्याकरिता बसविलेला नमदा होता. तो ओलसर असून त्याच्या कडेस गुलाबी पापुद्रा धरलेला होता. पाण्यात रंग घालतात तो याचकरिता: पाणी उडून जाते, रंग जबानी देण्यास मागे राहतो. वर पाहिले तर उजव्या बाजूच्या नळीच्या सांध्याखाली एक थेंब लोंबत होता. मात्र पापुद्रा त्या थेंबाच्या खाली नव्हता; तो चांगला दोन हात मागे होता.

येथे आम्हांस आमच्या लहानपणच्या माळवदाच्या घराची आठवण झाली. माळवद गळू लागले म्हणजे जेथे थेंब पडे तेथे खाली पातेले ठेवीत व त्याच्या बरोबर वर माती टाकीत. आणि गळती थांबत नसे. जाणता मनुष्य मात्र तुळईवरची ओल पाहत पाहत दुसऱ्याच खणात जाई व तेथे वर चढून पांढऱ्या मातीची भर घाली. पाणी एका जागी शिरते, किलचणीवरून चालत जाते, व मनास येईल तेथे पडते. डाग हा गळतीचा पत्ता नव्हे. तो फार तर तिने जाता जाता टाकलेले पत्र होय.

दुरुस्तीस दोन तास लागले. वीतभर रबरी पाइप, दोन क्लिपा व नवे कूलंट, एवढ्यावर काम भागले. जुने पाणी मिस्त्रींनी डब्यात भरून झाकून ठेवले, कारण ते चवीस गोड व पोटात विष असते, आणि शेडमधल्या कुत्र्यास पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही. नंतर नळ्यांतील अडकलेली हवा बाहेर काढली. लांब नळ्यांच्या गाडीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी पुरेसे असूनही ते जावे तेथे जात नाही. शेवटी आम्हांस बजावण्यात आले, "अडीनडीला बी बोअरचं पाणी घालू नका, सर." आमच्याकडील बेसाल्टच्या खडकातून वर येणारे पाणी जड असते, ते तापले की त्यातील चुना खाली बसतो. ज्यांच्या घरी पाणी तापविण्याच्या पातेल्यास आतून पांढरे कवच चढले आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. तेच कवच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढले तर जाळी बाहेरून धडधाकट व आतून निरुपयोगी होते.

गाडीची कथा येथे संपली. आता जे लिहावयाचे ते तिच्या निमित्ताने.

केज तालुक्यातच, धनेगाव येथे, मांजरा नदीवर धरण आहे. आम्ही, अंबाजोगाई व लातूर, सारेच त्या पाण्यावर जगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडे पडले, व त्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोचलेल्या पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या, व तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून तहानलेल्या शहरास पाणी पोचविणाऱ्यांचे उपकार कोणी विसरू नयेत. बाटली रिकामी झाली असता प्रथम भर घालणे हाच धर्म होय. परंतु त्या उन्हाळ्यात जो तो धरणाच्या तळाशी उभा राहून भेगाळलेल्या मातीचे छायाचित्र घेत होता व 'पाणी संपले' असे म्हणत होता. एप्रिलातील धरण पाहून गळती सापडत नाही. ती घडली, तेव्हा कोणी पाहत नव्हते. पाऊस थोडा पडला हे खरेच; पण जो पडला त्यातील किती ओढ्यांतून वाहून गेला, जलाशयातून उन्हाने किती उडाला, बारमाही तहानेच्या उसाने किती प्याला, व नळाच्या सांध्यांतून रोज रात्री किती झिरपला, याचा तपास भाद्रपदापासून पौषापर्यंत, पाणी असतानाच, करावयाचा असतो. तेव्हा काटा इतक्या सावकाश उतरत असतो की त्याकडे पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. वैशाखात सर्वांस गरज वाटते. पण तेव्हा काटाच राहिलेला नसतो.

आणि त्या वेळी जी निदाने होतात तीही त्या शहरातील तज्ज्ञाच्या अनुमानासारखी, एकदम इंजिन उघडावयास सांगणारी असतात: दुसऱ्या खोऱ्यातून नदी वळवा, आणखी खोल बोअर घ्या. ती कदाचित योग्यही असतील. आमचे म्हणणे इतकेच की, निळे औषध पिवळे होते की नाही हे आधी पाहावे. मोठा उपाय सुचविणे हे विद्वत्तेचे लक्षण समजले जाते व क्लिप आवळण्यास सांगणे हे अडाणीपणाचे; पण मोठ्या उपायानंतरही सैल क्लिप सैलच राहते, आणि नव्या पाण्यासही तीच वाट सापडते.

आमच्या तालुक्यास भर घालणारे पुष्कळ लाभले आहेत. टँकर आहेत, योजना आहेत, भाषणे तर आहेतच. थंडीच्या पहाटे पंप लावून काट्याकडे पाहत बसणारी चार माणसे मिळाली, तर 'संपले' हे क्रियापद आपणास साखरेपुरतेच राखून ठेवता येईल.